एका हाताचं सप्तमुखी

आमच्या भाऊजींनी एखादी गोष्ट मनात घेतली की त्या गोष्टीला घडण्यावाचून दुसरा इलाज उरत नसे. माणसं त्यांच्यापुढे हात टेकत, हे तर रोजचंच. पण लाकूड, लोखंड आणि रबर यांनीही त्यांच्यापुढे हात टेकलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, खामगावच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट सांगतोय. मी नुकताच कचेरीत कारकून म्हणून चिकटलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि दोन्ही वेळचं जेवण ताईकडे. त्यामुळे भाऊजींच्या प्रत्येक खटाटोपाचा मी आयता साक्षीदार आणि बऱ्याचदा बळीचा बकराही. दिसायला माणूस अगदी साधा. उंची बेताची, अंगावर मांस नावाला, आणि बोलणं इतकं हळू की मास्तरांना राग आलाय हे मागच्या बाकावरच्या पोरांना पुढच्या बाकावरची पोरं सांगत. पण हेच भाऊजी एकदा "पाहू" म्हणाले की संपलं. एकदा रेल्वेच्या डब्यात त्यांची छत्री राहिली. दुसरा कोणी असता तर चुकचुकला असता आणि नवी छत्री घेतली असती. भाऊजी "पाहू" म्हणाले, जवळच्या जलंब स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसले, आणि तो डबा पुन्हा त्या फलाटाला लागेपर्यंत तिथून उठले नाहीत. ताईनं माझ्या हाती त्यांचा डबा पाठवला तेव्हा मला म्हणाले, "तू काऊन आला बे? आता येतेच ना गाडी."

या माणसाला नाटकं लिहायचा नाद होता. आमच्या भागातलं एक हौशी नाट्यमंडळ नवरात्रात दरवर्षी देवीच्या मंडपात नाटक करी आणि ते भाऊजींनीच लिहिलेलं असे. लिहिण्याची त्यांची एक रीत होती, आणि तिनं आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. जे हातानं चालवून पाहिलं नाही ते कागदावर येणार नाही, असा त्यांचा दंडक. एका नाटकात कैदी तुरुंगाचा गज दोऱ्यानं घासून कापतो असा प्रवेश त्यांना सुचला. अख्खी दिवाळीची सुटी भाऊजी आमच्या खिडकीचा गज दोऱ्यानं घासत बसले. दारात पणत्या लागल्या, फराळ झाला, पाहुणे येऊन गेले, प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला ताईनं तोंड चुकवून काहीतरी उत्तर दिलं. गज कापला गेला नाही. भाऊजींनी प्रवेश काढून टाकला आणि त्या कैद्याला जन्मठेप भोगायला लावली. मी म्हटलं, "भाऊजी, नाटक आहे, लोक काय गज तपासायला येणार आहेत?" तर म्हणाले, "लोकायले समजत नाही असं समजून लिहाचं असंन तं लिहाचंच कायले?" मी ताट पुढे ओढलं.

आता सुखदेवबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठीच झालं. सुखदेव हा मंडळाचा हुकमी नायक. ऐतिहासिक नाटकात तलवार घेऊन उतरला की पुढच्या रांगेतली माणसं पाय आखडून बसत. दिवसा तो जिनात कामाला होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात. तिथं यंत्रात त्याचा उजवा हात गेला, कोपराच्या वरपासून. मालकानं त्याला फाटकावर राखणदार म्हणून ठेवून घेतलं. तो फाटकावर बसू लागला आणि बोलेनासा झाला. तीन वर्षं त्यानं मंडपाकडे तोंड वळवलं नाही. मंडळातल्या लोकांना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. म्हणून एका वर्षी चार जण गेले आणि म्हणाले की सुखदेव, नाटकात एक भिकाऱ्याचं काम आहे, तुला शोभेल. सुखदेव त्यांना काही बोलला नाही. बोलला तो भाऊजींना, संध्याकाळी, फाटकावर. मी सोबत होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "एक हात गेला म्हणून माणूस भिकारीच होते काय?"

भाऊजी तडक परत निघाले. घरी आले, चपला काढल्या, आणि चपला हातात तशाच धरून मला म्हणाले, "असं नाटक लिहितो बे, का दोन हातवाल्याले ते करताच नाही आलं पाह्यजे. पाहू." झालं. ताईनं चुलीपुढून माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून माणूस अवकाशात गेल्याच्या बातम्या येत आणि भाऊजी त्या कात्रीनं कापून भिंतीला डकवत. त्यामुळे नाटक ठरलं मंगळाचं, सन तीन हजारातलं. पृथ्वीवर मंगळाची स्वारी येते. पृथ्वीचा एकच वीर उरलेला, आणि त्याचा उजवा हात आधीच चंद्रावरच्या लढाईत कामी आलेला. तेव्हा त्याच्यासाठी शास्त्रज्ञांनी एक असं हत्यार घडवलंय की ज्यात सगळी हत्यारं एकवटली आहेत आणि ती चालतात फक्त डाव्या हाताच्या पाच बोटांनी. नाव सप्तमुखी. दुसरा कोणी नाटककार असता तर पुठ्ठा आणि चांदीचा कागद घेऊन मोकळा झाला असता. पण दंडक तो दंडक. सप्तमुखी खरोखर चालल्याशिवाय नाटकाचं पहिलं पानही पुढे जाणार नव्हतं.

सप्तमुखी मी रोज आकार घेताना पाहिलं आहे आणि तरी ते नेमकं कसं दिसत होतं हे मला आजही सांगता येत नाही. मूळ दांडा सायकलच्या हँडलचा. त्याच्या टोकाला बॅटरी, तिच्यावर हिरवी काच, ते मृत्युकिरण. शेजारी विळ्याचं पातं, खटका दाबला की बाहेर. खाली पिकावर औषध मारायच्या पंपाची तोटी, तिच्यातून गुलाल उडे, तो विषारी वायू. सोनाळा गावी शेती करणाऱ्या आमच्या काकांनी ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण दिली होती, ती लांब पल्ल्याचा तोफखाना. एक अडकित्ता होता, तो शत्रूच्या तारा तोडण्यासाठी. एक भोंपू, त्याच्या ध्वनिलहरींनी म्हणे मंगळाचे डोंगर ढासळणार होते. आमच्या गल्लीत मात्र तो वाजला की पोरं कुल्फीवाला आला समजून वाट्या घेऊन धावत. आणि सगळ्यांच्या मागे ढाल म्हणून छत्री. तीच, जलंबची. ही छत्री एकदा स्वयंपाकघरात आपोआप उघडली आणि ताईची पिठाची परात सरळ अंगणात गेली. गुलालाचा पंप परसात चालवून पाहिला तेव्हा शेजाऱ्यांचा पांढरा बैल पोळ्याच्या आठवडाभर आधीच गुलाबी झाला. शेजारी भांडायला आले. भाऊजींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती लांबून उडाला, ते सांगता काय?"

हे हत्यार एका हातानं चालतं की नाही हे कळणार कसं? भाऊजींनी स्वतःचा उजवा हात दुपट्ट्यानं पाठीशी बांधून घेतला. संपूर्ण पावसाळा शाळेतून आले की हात बांधायचे. त्याच अवस्थेत दाढी करत, सदऱ्याची बटणं लावत, सायकल पुसत. दाढी करताना दोनदा कापून घेतलं. मी वैतागून म्हटलं की भाऊजी, खेळण्यापायी जीव द्याल. तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताईकडून निरोप आला की खेळणं म्हणायचं नाही, हत्यार म्हणायचं. घरात सगळ्यांना तशी ताकीदच होती. ताईनं ती मुकाट पाळली. "ते हत्यार बाजूला घ्या, भात वाढाचा आहे," असं ती म्हणे, तेव्हा पाहुणे चमकून माझ्याकडे बघत.

पोळा झाला आणि भाऊजी सप्तमुखी धोतरात गुंडाळून जिनाच्या फाटकावर गेले. सुखदेवनं ते डाव्या हातात घेतलं. एकेक खटका दाबला. विळा निघाला, भोंपू वाजला, छत्री उघडली आणि कोणीही हात न लावता मिटली. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बराच वेळ नुसता तो दांडा चाचपत उभा होता. मग म्हणाला, "नाटकात येतो, मास्तर. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. स्टेजवर माह्या हातातलं काही दुसऱ्यानं उघडून द्यावं लागलं, का कोणी मदतीले धावलं, तं मी तिथूनच घरी जाईन. मंग पुन्हा बलवू नका."

भाऊजी म्हणाले, "नाही लागत कोणाची मदत. मी पाह्यलं आहे."

तालमी सुरू झाल्या. मंगळाचा राजा मी. माझ्या अंगात अभिनयाचा थेंब नाही, पण कॉलेजची दोन वर्षं मी पुण्यात काढली होती आणि भाऊजींच्या नाटकात मंगळावरचे सगळे लोक शुद्ध पुणेरी बोलत. असं का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "ते लोकं लय सुधारलेले दाखवाचे आहेत. आन् आपल्याले काही समजत नाही असं त्यायले वाटते, तेही दाखवाचं आहे." मी पुण्याच्या मंडळींची बाजू घेणार होतो, पण तेवढ्यात माझ्या डोक्यावर तेलाचा डबा कापून केलेला मुकुट चढवण्यात आला. सुखदेव तालमीत हळूहळू मोकळा होत गेला. आधी खाली बघून बोलायचा, मग समोर बघून, मग एके दिवशी त्यानं जुना आवाज लावला आणि शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. भाऊजी त्या दिवशी घरी येताना शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

प्रयोग ठरला नवमीला, दिवेलागणीच्या वेळी. आणि इथंच आम्हा सगळ्यांची बुद्धी गहाण पडली. नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं धुऊन पुसून पुजायची, त्यांना पूजेचा नाडा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं शिलंगण होईपर्यंत चालवायची नाहीत, अशी रीत. त्या दिवशी जिनाची यंत्रंदेखील बंद असतात. भाऊजी पहाटेपासून मंडपात ग्रह टांगायला गेलेले. ताईनं विळी पुजली, पाटा पुजला, सायकल पुजली, आणि कोपऱ्यातलं सप्तमुखीही पुजलं. नुसतं पुजलं नाही. मंगळाची स्वारी परतवायची म्हणजे थोरलं हत्यार, म्हणून लाल-पिवळा नाडा विळ्यापासून छत्रीपर्यंत गुंडाळत नेला आणि वर घट्ट गाठी मारल्या. तोटीत अक्षता घातल्या. भोंपूत झेंडूचं फूल खोवलं. प्रयोगाची वेळ झाली तेव्हा पाटासकट सप्तमुखी उचलून ती स्वतः मंडपात घेऊन आली, कारण पुजलेलं हत्यार दुसऱ्या कोणाच्या हाती कसं द्यायचं.

पडद्यामागे भाऊजींनी ते पाहिलं आणि मटकन् खाली बसले. मी निळा रंग लावून उभा होतो. सुखदेवनं पुढे होऊन सप्तमुखी उचललं, खटका दाबला. काहीच हललं नाही. त्यानं एका हातानं गाठ सोडवून पाहिली. एका हातानं तशी गाठ सुटत नाही. दातांनी धरून पाहिली, तरी नाही. बाहेर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि पुढच्या रांगेत त्याची म्हातारी आई होती. भाऊजी उठले, माझ्या कमरेची कट्यार ओढली आणि नाडा कापायला धावले.

सुखदेवनं हत्यार मागे घेतलं. "राहू द्या मास्तर."

"अरे एका झटक्यात कापतो."

"माह्या हातानं सुटत नाही. तुमच्या हातानं मी सोडू देणार नाही. आपलं बोलणं झालं होतं."

भाऊजींचा चेहरा मला पाहवेना. सहा महिने त्या माणसानं दुसरा ध्यास धरला नव्हता, आणि आता सुखदेव इथून उठून गेला की कायमचा गेला, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजत होतं. ताईला काय घोटाळा झाला ते कळलं तशी ती रडवेली झाली. सुखदेव मात्र तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होता. त्यानं विचारलं, "वहिनी, तुमी याची पूजा केली?"

"हत्यार म्हन्ले तं पूजा कराची नाही काय?" ताई म्हणाली.

"खरं हत्यार समजून केली?"

"मंग काय तं. खेळण्याची कोन पूजा करते?"

सुखदेवनं सप्तमुखी पुन्हा पाटावर ठेवलं. मग त्यानं पाटावरचं कुंकू बोटाला घेऊन कपाळाला लावलं, सप्तमुखी नाड्यासकट खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "पडदा वर घ्या."

लढाईचा प्रवेश आला. मी डबा सावरत गरजलो, "हे क्षुद्र पृथ्वीपुत्रा, उचल तुझं शस्त्र." यावर त्यानं सप्तमुखी रोखायचं आणि सात तोंडांनी माझा निःपात करायचा असं ठरलेलं. सुखदेव शांतपणे रंगमंचाच्या कडेला मांडलेल्या चौरंगाजवळ गेला. त्यानं सप्तमुखी त्यावर ठेवलं, नमस्कार केला, आणि वळून मला म्हणाला, "राजेसाहेब, आज खंडेनवमी. हत्यार पुजलं आहे. आज ते हालत नाही. दम असंन तं उद्या शिलंगणाले या."

मी गारठलो.  नाटकात हे नव्हतं. पुण्यात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात मागच्या बाजूनं एक म्हातारा खणखणीत म्हणाला, "हाव, बराबर आहे त्याचं," आणि सगळा मंडप "हाव, हाव" करू लागला. आता मंगळाचा असलो तरी मी खामगावात राहणारा माणूस. नवमीला हत्यार चालवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? मी म्हटलं, "अस्सं. मग उद्या येतो," आणि सैन्य घेऊन विंगेत परत आलो. भाऊजींनी माझा हात घट्ट धरला. लढाईचा तिसरा अंक सुरू होण्याआधीच संपला होता. रंगमंचावर सुखदेव एकटा.

मग तो बोलायला लागला. चौरंगावरच्या त्या कुंकू लावलेल्या हत्याराकडे बोट करून त्यानं लोकांना उद्याची लढाई सांगितली. पहिलं तोंड उघडलं की काय होईल, दुसऱ्यानं काय होईल. गोफण सुटली तेव्हा त्याच्या डाव्या हातानं असा काही हिसडा मारला की लोकांच्या माना वर गेल्या. छत्रीची ढाल उघडली तेव्हा तो तिच्याआड असा बसला की छत्री नाही हे मीही विसरलो. त्याच्या सदऱ्याची रिकामी बाही हलत होती, पण त्याकडे कोणी बघत नव्हतं. हे शब्द भाऊजींनी लिहिलेले नव्हते. यातली एकही हालचाल तालमीत चालवून पाहिलेली नव्हती. मी वळून भाऊजींना तसं म्हणणार होतो, तर त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी सुखदेव म्हणाला, "उद्या या सारे. मी आहे." त्यावर जो गलका झाला त्यात त्याच्या आईचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी शिलंगण झालं, ताईनं नाडा सोडला आणि लोकांच्या आग्रहावरून संध्याकाळी ती लढाई मंडपात खरोखर झाली. सातही तोंडं चालली, मी रीतसर मेलो. पण खरं सांगतो, आदल्या दिवशीची लढाई जास्त चांगली होती. भाऊजीही तसंच म्हणत.

मला त्या दसऱ्यातलं आठवतं ते लढाईच्या थोडं आधीचं. लोक सोनं द्यायला घरोघर फिरत होते, आपट्याची पानं घेऊन. हात गेल्यापासून सुखदेव दसऱ्याला घराबाहेर पडला नव्हता. सोनं डाव्या हातानं देत नाहीत, आणि त्याच्याजवळ तेवढाच हात होता. त्या दिवशी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. मुठीत पानं होती. उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाला, "मास्तर, सोनं आणलं. पण डाव्यानंच द्यावं लागते."

भाऊजी खुर्चीतून उठले. उंबऱ्यापाशी गेले आणि त्यांनी आपला डावा हात पुढे केला. "आन मंग," म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं पानं घेतली आणि डाव्याच हातानं त्याला आपली दिली. मग ताईनं तशीच घेतली, मग मी. सुखदेव पाया पडायला वाकला तर भाऊजींनी त्याला मधेच धरलं आणि तसेच दोघं उभे राहिले. ताई चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

भाऊजी आता नाहीत. सुखदेव त्यांच्याआधी गेला. ताईही गेली. आमच्या घरात मात्र दसऱ्याला सोनं अजून डाव्या हातानं देतात. माझी धाकटी सून लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला उजव्या हातात पानं घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी म्हटलं, "आमच्यात डावा." पोरीनं मुकाट्यानं हात बदलला, सोनं दिलं, नमस्कार केला आणि आत गेली. का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिला तिथंच बसवून सगळं सांगितलं असतं. भाऊजींबद्दल बोलायला हल्ली मला कोणी निमित्तच देत नाही.